घरातली रोपं : हवा आणि ओलावा

● उगवण होईपर्यंत : बियांच्या ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा. कोंब वर येऊ लागले, की झाकण काढून टाका.

● आर्द्रता : कोवळ्या रोपांना साधारण ५० ते ७० टक्के पुरते. ती मोजायला छोटा हायग्रोमीटर घ्या.

● रोप कोलमडणे : देठ मातीलगत बारीक, पाणचट होतो आणि रोप आडवं पडतं. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी आणि बुरशीसदृश जीवांचा हा रोग. कोंदट हवा, दाट पेरणी आणि चिकचिकीत माती त्याला पोसतात. कोलमडलेलं रोप वाचत नाही. ते लगेच काढा.

● पंखा : सर्वांत कमी वेगावर, थोडा दूर. पानं हलकी डोलली, की पुरे. वाऱ्याने हलणारं रोप बुटकं पण जाड देठाचं होतं.

● पाणी : सकाळी, ट्रेच्या तळातून द्या. वरची माती किंचित सुकू द्या.

● ऋतू : कोकणातल्या पावसाळ्यात हवा मुळातच दमट, तिथे पंखा हवा, फवारा नको. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत कोरड्या हवेने पानांच्या कडा करपतात. तिथे कुंड्या जवळजवळ ठेवा, खाली ओल्या खड्यांचं ताट ठेवा. फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांतच उडून जातो.