जमीन गहाण पडत नाही, म्हणून कर्ज नाही?

सेवाग्राम-वर्धा भागात गोंड किंवा कोलाम घरातल्या कुणी डाळ मिल टाकायची म्हटलं, की चार जाणती माणसं एकच वाक्य ऐकवतात : "आदिवासीची जमीन गहाण पडत नाही, बँक दारात उभं करणार नाही." हे ऐकून आता चीड येते, कारण अर्ज लिहिण्याआधीच माणूस घरी परततो.

यात खरं आहे ते एवढंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने किंवा गहाणाने जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीला आणि पाच वर्षांपुढच्या गहाणाला शासनाचीही मान्यता लागते. सावकारांनी जमिनी गिळल्या, म्हणून 1974 मध्ये हे कुंपण घातलं गेलं. ते काढून टाका म्हणणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा.

पण लहान कारखान्याला जमीन गहाण हवीच कशाला? सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच बँकांना बजावलं आहे. तारणाशिवायच्या कर्जाला हमी देण्यासाठी केंद्र सरकार आणि सिडबी ही लघुउद्योग विकास बँक यांनी 2000 साली पतहमी न्यास उभारला.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा हिशेब पाहा. ग्रामीण भागातल्या आदिवासी उद्योजकाने स्वतःचे 5 टक्के घालायचे. अनुदान 35 टक्के. म्हणजे 10 लाखांच्या डाळ मिलला पदरचे 50 हजार, बँकेचे साडेनऊ लाख, आणि त्यातले साडेतीन लाख अनुदानातून वळते होणार. 2022 पासून उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा 50 लाख आहे. जमिनीची किंमत या प्रकल्पखर्चात धरतच नाहीत. भाड्याची शेड चालते.

अनुदान रोख हातात पडतं, हाही भ्रमच. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. त्या रकमेवर बँक व्याज देत नाही, तेवढ्या कर्जावर घेतही नाही.

कॅनडातही राखीव प्रदेशातली जमीन बाहेरच्याला गहाण देता येत नाही. तिथल्या आदिवासींनी 1980 च्या दशकापासून स्वतःच्या वित्तसंस्था उभ्या केल्या. आपल्याकडे नाशिकचं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. ते किती जणांना ठाऊक आहे?

आणखी काही गैरसमजही कानावर येतात. "वर्धा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आपल्याला योजना नाहीत." चूक. या उद्योग योजनांचा लाभ क्षेत्र पाहून नव्हे, माणसाच्या जमातीच्या दाखल्यावर मिळतो.

"आदिवासींना प्राप्तिकर नसतो." ती सूट ईशान्येतल्या ठरावीक भागांत आणि लडाखमध्ये. वर्ध्यात नाही.

"आदिवासींनी टोपल्या विणाव्यात, यंत्रं त्यांचं काम नव्हे." याला उत्तर देण्याचीही लाज वाटते. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी 1934 पासून ग्रामोद्योगाचं काम उभं केलं ते वर्ध्यातल्याच मगनवाडीत. आज तिथं ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे.

आणि एक नियम पाठ करून ठेवा. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला शाखेने परस्पर नकार द्यायचा नसतो. तो निर्णय वरच्या पातळीवर, कारणासह व्हावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तेव्हा तोंडी "नाही" ऐकून उठू नका. अर्जाची पोच घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा.