अकरा खळग्यांची फळी

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या व्यवसाय-शिक्षणावर लिहावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या माणसाने प्रथम पेणची वाट धरावी हे स्वाभाविक होते. कारण तेथे सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल शाळा आहे आणि मोठ्या मुलांना हाताचे काम शिकविण्याची व्यवस्थाही आहे. परंतु मुरुडहून पेण ऐंशी किलोमीटरच्या घरात, आणि ज्याला एस.टी.त एकट्याने बसविण्यास आई धजत नाही त्याच्या लेखी ती विलायतच. तेव्हा मुरुडातच असे काही चालते काय, याची चौकशी करीत मी पोफळीच्या एका आगरातील पडवीत जाऊन बसलो.

संस्थांचा इतिहास थोडक्यात आटोपतो. मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली निघाली, पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये कामायनी उभारली, नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या संस्थेच्या मुळाशी संस्थापकांचे स्वतःचे अपत्य होते. मुले वाढली, अठरा वर्षांची झाली, आणि शाळेनंतर काय या प्रश्नातून कार्यशाळा जन्मास आल्या. तेथल्या पणत्या, मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या आपण दिवाळीत घेतो, त्या बहुधा दयेने. आणि दयेचे गिऱ्हाईक कार्तिकानंतर फिरकत नाही. यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली जुहूला काढलेले कॅफे अर्पण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. भूक लागली की माणूस तेथे जातो. मग पुढ्यात खाणे आणून ठेवणारा कोण, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

पडवीतल्या तरुणाला घरात बाबू म्हणतात. वय तिशीच्या आतबाहेर. पाचाच्या पुढे मोजता येत नाही. चाळीसेक दिवस उन्हात वाळलेली सुपारी सोलून झाली की पूजेसाठी अकरा-अकराच्या पुड्या बांधायच्या, हे त्याचे काम. त्याच्या मावशीने, जी पूर्वी विशेष शाळेत शिक्षिका होती, सुताराकडून फणसाच्या फळीवर अकरा खळगे पाडून घेतले आहेत. प्रत्येक खळग्यात एक सुपारी बसते. सगळे भरले की उतरत्या टोकाला पिशवी लावून फळी कलती करायची. मोजणी माणसाच्या डोक्यातून काढून लाकडात घातली, एवढीच ही युक्ती. परंतु मी तिच्यावरून नजर काढू शकलो नाही. बाबू दोन्ही हातांनी भरतो, मग अंगठा प्रत्येक खळग्यावरून फिरवितो. हातात बारावी सुपारी उरली तर तिला क्षणभर न्याहाळून टोपलीत परत टाकतो.

“मावशी, भरली.”

“बघ बरं, एखादं घर रिकामं राहिलंय का?”

“नाही राहिलं,” असे म्हणूनही तो पुन्हा अंगठा फिरवितोच.

या विद्येला शास्त्र आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड या अभ्यासकाने सत्तरीच्या दशकाच्या आरंभी सायकलच्या ब्रेकचे पंधरा सुटे भाग जोडण्याचे काम अशा माणसांना शिकविले, ज्यांच्याकडून कोणी कसलीच अपेक्षा ठेवलेली नव्हती. काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचे, भागाच्या योग्य बाजूला रंग द्यायचा, आणि शिकणाऱ्याला जमले नाही तर दोष शिकविण्याच्या रीतीचा मानायचा, हे त्याचे सूत्र. मावशींनी गोल्डचे नाव ऐकलेले नव्हते. मात्र किडकी सुपारी ओळखणे बाबूला महिनोन्महिने जमेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगणे सोडले आणि एक चांगली व एक भोक पडलेली अशा दोन सुपाऱ्या त्याच्यासमोर फळीला खिळवून टाकल्या. आता तो प्रत्येक सुपारी त्या दोहोंशी ताडून पाहतो.

अडचणी येथून पुढे. पावसाळ्यात वाळवण बंद, हवा दमट, सुपारीला बुरशी. काम थांबते, आणि गणपतीनंतर बाबूला पुष्कळसे नव्याने शिकवावे लागते. नोकरीचे म्हणाल तर १९९५ च्या कायद्याने सरकारी जागांत तीन टक्के राखून ठेवले, पण ते अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांसाठी. बौद्धिक अक्षमतेचा त्यात समावेशच नव्हता. २०१६ च्या कायद्याने ही चूक सुधारून टक्केवारी चारावर नेली. तथापि नवा एक टक्का स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांच्याशी वाटून घ्यायचा आहे, आणि लेखी परीक्षा आली की त्या वाटणीत बाबूसारख्याच्या पदरी काय पडणार हे उघड आहे.

खरी मेख तहसील कचेरीत आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ दिव्यांगांना मिळतो तो कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असल्याचा दाखला जोडल्यावर. म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाहीत. शिकवून कमावता करावा तर अनुदानावर गदा, न करावा तर शिकविले कशाला? सुपारी उचलणाऱ्या व्यापाऱ्याने गेल्या मोसमात बाबूचे नाव रीतसर पगारपत्रकावर घालण्याची तयारी दाखविली होती. घरात बराच खल झाला. पगार मोसमापुरता, अनुदान बारमाही, असा हिशेब करून आईने नकार कळविला. मावशींना तो मान्य नाही, आणि त्या दोघी बहिणींत या विषयावर अद्याप बोलणे होत नाही.