तांब्यातली फुलं



आमच्या बचत गटातल्या एका काकूंना गेल्या मार्गशीर्षात साठ वर्षं पूर्ण झाली. काय द्यावं? एकीनं म्हटलं, परसातली फुलं देऊ. आणि सगळ्या गप्प झाल्या. काकूंचे मालक जाऊन अकरा वर्षं झालीत. तेव्हापासून संक्रांतीला त्या तिळगूळ वळतात, पण गजरा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आम्हीही कधी दिला नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ते आम्ही वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि काकूंच्या हातात फूल ठेवणं वेगळं. शेवटी ठरलं, फुलं तांब्यात सजवून द्यायची, घरात ठेवायला.

पहिल्यांदा फजितीच झाली. भर दुपारी फुलं तोडली आणि पाल्यासकट तांब्यात कोंबली. दुसऱ्या दिवशी पाण्याला वास, तिसऱ्या दिवशी फुलांनी माना टाकल्या. काकू काही बोलल्या नाहीत. तांब्या घासून, रिकामा नको म्हणून मूठभर शेंगा घालून परत पाठवला. आम्हाला मात्र लाज वाटली. मग गावात फुलशेती करणाऱ्या एका वहिनींकडे जाऊन बसलो.

वहिनी म्हणाल्या, फूल ऊन चढायच्या आत तोडायचं. रात्रभरात देठात पाणी भरलेलं असतं, दुपारी ते उडून गेलेलं असतं. बागेत जातानाच बादलीत पाणी घेऊन जायचं आणि तोडलेलं फूल लगेच त्यात ठेवायचं. मग सावलीत दोन-तीन तास तसंच राहू द्यायचं, पोटभर पाणी पिऊ द्यायचं. ही घाई आम्हाला नडली होती.

प्रत्येक फुलाची तोडायची वेळ निराळी. गुलछडीची खालची दोन-तीन फुलं उमलली की दांडी काढायची, वरच्या कळ्या पाण्यात उमलत जातात. गुलाब अर्धवट कळीत असताना. झेंडू, शेवंती, डेलिया मात्र पुरते उमलल्यावरच, कारण त्यांची कच्ची कळी पाण्यात नीट फुलत नाही. झिनियाची एक गंमत आहे. देठ धरून हलवायचा. मान लटपटली तर अजून दोन दिवस थांबा. जास्वंद पाण्यात ठेवा नाहीतर बाहेर, एका दिवसाची पाहुणी. ती देवालाच बरी. आणि कण्हेर कितीही सुरेख दिसली तरी भेटीत नको. तिचं पान, फूल, देठ सगळं विषारी, आणि घरात लहान पोरं असतात.

देठ धारदार विळीनं तिरका कापायचा. कात्री बोथट असली तर देठ चेचतो आणि पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडेल तेवढा पाला काढून टाकायचा. तोच कुजतो, त्यात जंतू वाढतात आणि देठाचं तोंड बंद होतं. साखर घालतात काहीजणी, पण नुसत्या साखरेनं पाणी लवकर नासतं. त्यापेक्षा रोज पाणी बदलायचं आणि देठ बोटभर कापायचा. पिकल्या केळ्यांजवळ ठेवायचं नाही, फुलं लवकर सुकतात.

सजवायला पैसे लागत नाहीत. लोणच्याची बरणी चालते, आमचा पितळी तांब्याही चालला. आधी मेंदीच्या चार काटक्या आडव्यातिडव्या घातल्या, त्यांच्या आधारानं फुलं उभी राहतात. भांड्याच्या दीडपट उंचीच्या गुलछड्या मागे, शेवंती मध्ये, झेंडू काठाशी. बाजरीची दोन कणसं खोचली. दाटी केली नाही, फुलाला वारा लागला पाहिजे.

एस.टी.नं न्यायची असतील तर पाणी भरून नेऊ नका. देठांना ओलं फडकं गुंडाळा, वर पिशवी बांधा, तिथे गेल्यावर पाणी भरा.

संक्रांतीला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तांब्या कोपऱ्यात ठेवून आलो नाही, हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर काकूंच्या हातात दिला. एक-दोघींनी तोंडं फिरवली. काकूंनी तांब्या कोनाड्यात ठेवला आणि वाकून गुलछडीचा वास घेतला.

सहाव्या दिवशी तांब्या परत आला. या वेळी आत गूळ होता आणि निरोप, की गुलछडीचे चार कंद काढून ठेवा, मोरीच्या पाण्यावर लावते.