हुकमाचे ताबेदार

हेरांचा चित्रपट म्हटला की डोळ्यांसमोर काय उभे राहते? अंधारे जिने, खोटी कागदपत्रे, एखादी गूढ सुंदरी आणि शेवटी नायकाचा जयजयकार! त्याच अपेक्षेने मी १९५८ सालचा ‘ऑर्डर्स टु किल’ हा इंग्रजी चित्रपट पाहायला बसलो. उठलो तो मात्र मान खाली घालून.

दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथ हे ब्रिटनचे एके काळचे पंतप्रधान हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ यांचे चिरंजीव. पटकथाकार पॉल डेन महायुद्धात स्वतः ब्रिटिशांच्या गुप्त खात्यात होते. म्हणूनच की काय, या चित्रात हेरगिरीचा झगमगाट नाही. तिची किंमत आहे.

जीन समर्स हा तरुण अमेरिकी वैमानिक. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये मार्सेल लाफित नावाचा वकील आपल्याच माणसांची नावे शत्रूला विकतो, असा वरिष्ठांना संशय. जीनला हुकूम होतो : त्याला संपव! शिक्षणाचे दिवस तो खेळीमेळीत काढतो. पण पॅरिसला पोचल्यावर त्याला भेटतो तो एक चणीने लहान, मांजरावर माया करणारा, बायको-मुलीत रमलेला साधा गृहस्थ. हा का फितूर? जीनचे मन डळमळते. तेव्हा त्याची तिथली सहकारी लेओनी त्याला खडसावते : विमानातून बाँब टाकलेस, तेव्हा खाली निरपराध माणसे नव्हती? आयरीन वर्थ यांनी ही भूमिका अशी काही केली आहे की, तिचा रागही येत नाही आणि तिचे म्हणणे पटतही नाही.

जीन हुकूम बजावतो. मरता मरता लाफित एकच शब्द विचारतो, “का?” आणि पुढे उलगडा होतो : तो निर्दोष होता!

वाचकहो, त्या ‘का?’ने मला माझ्या जुन्या कचेरीत नेऊन बसवले. रोकड कमी भरली होती. वरिष्ठांनी एका कारकुनाचे नाव सांगितले आणि चौकशी न करता मी अहवालावर सही ठोकली. त्याची नोकरी गेली. वर्षभराने खरा चोर सापडला, पण तोवर बिचारा गाव सोडून गेला होता. जाताना डबा उचलून तो एवढेच म्हणाला होता, “साहेब, तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं.”

चित्रपटाच्या अखेरीस जीन आपला साठलेला पगार घेऊन लाफितच्या बायको-मुलीसमोर जाऊन उभा राहतो. ते पाहून मी हिला सारी हकीकत सांगितली. ही म्हणाली, “अहो, मग त्यांचा पत्ता काढा ना!”

पत्ता मिळाला आहे. भाऊबीज झाली की निघणार आहे. तिथे काय बोलायचे, ते मात्र अजून सुचलेले नाही.