पाथफाइंड
पाथफाइंड : सी या संगणक-भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीस अनेक निर्देशिकांमधून इष्ट फाइल शोधून देणारे फलन. फाइली व इतर निर्देशिका यांची नावे जीत नोंदलेली असतात, तिला निर्देशिका म्हणतात. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये विकसित केली. फाइलींची मांडणी सर्व संगणकांवर सारखी नसल्याने या भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात निर्देशिकांचा विचार केलेला नाही. त्यामुळे पाथफाइंडचा समावेश भाषेच्या प्रमाण फलनसंग्रहात होत नाही. यूनिक्स सिस्टिम व्ही आणि तीपासून निघालेली सोलॅरिस या परिचालन प्रणालींच्या संग्रहांत ते आढळते.

कार्यपद्धती : या फलनास शोधमार्ग, फाइलीचे नाव व कसोटी अशा तीन अक्षरमाला पुरवाव्या लागतात. शोधमार्ग म्हणजे अपूर्णविरामाने (:) विलग केलेली निर्देशिकांची यादी होय. कसोटीत एकेका अक्षराने अट सांगतात : ‘आर’ म्हणजे वाचता येणारी, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिता येणारी, ‘एक्स’ म्हणजे चालविता येणारी फाइल. फलन निर्देशिका क्रमाने तपासते व अटींत बसणारी पहिली फाइल आढळताच तिचे मार्गासह नाव परत देऊन थांबते. एकही न आढळल्यास शून्य दर्शक परत मिळतो.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात १९२१ मध्ये धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला व पुढे हिंजवडी परिसरात माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. साहजिकच तेथे जमिनींच्या नोंदींना विशेष महत्त्व आहे. अशा नोंदी गावनिहाय निर्देशिकांत ठेवल्या आहेत, अशी कल्पना करू. ‘/पौड:/माण:/हिंजवडी’ हा शोधमार्ग व ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव दिले आणि पौड व माण या दोहोंत त्या नावाची फाइल असली, तर फक्त पौडची मिळते. माणची फाइल तपासलीही जात नाही. क्रम उलटविल्यास उत्तर बदलते. म्हणजे कोणती फाइल ग्राह्य धरायची, हे शोधमार्गाच्या क्रमानेच ठरते.

सुरक्षितता : शोधमार्गातील रिकामी जागा म्हणजे चालू निर्देशिका, असा अर्थ घेतला जातो. ती जागा आरंभी राहून गेल्यास परक्या व्यक्तीने तेथे ठेवलेली त्याच नावाची आज्ञावली मूळ आज्ञावलीऐवजी सापडते व चालविली जाऊ शकते. शिवाय फाइल सापडणे व ती उघडणे यांदरम्यान ती बदलली जाण्याचाही संभव असतो. यासाठी शोधमार्ग निश्चित ठेवणे इष्ट असते.

मर्यादा : पाथफाइंड पोटनिर्देशिकांत उतरत नाही, त्यासाठी निर्देशिकांचा सर्व वृक्ष पालथा घालणारे ‘एनएफटीडब्ल्यू’ हे फलन वापरतात. परत मिळालेले नाव पुढील शोधाच्या वेळी पुसले जाते. म्हणून ते जतन करावयाचे असल्यास त्याची प्रत करून घ्यावी लागते.

देवनागरी नावांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी संभवतात. यूनिक्समध्ये नावांची तुलना सामान्यतः बाइटांनुसार होते, दृश्य रूपानुसार नाही. युनिकोडच्या यूटीएफ–८ संकेतनात ‘मुळशी’ या शब्दास १५ बाइट लागतात. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ’ मात्र एका संकेतांकाने अथवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना एकच दिसतात. परंतु त्यांचे बाइट भिन्न असल्याने एका रूपाने साठविलेली फाइल दुसऱ्या रूपाने शोधल्यास सापडत नाही. दुसरी अडचण विसर्गाची. ‘पुनःपरीक्षण’ या निर्देशिकेच्या नावात विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकलिखित झाल्यास शोधमार्ग तेथेच दुभंगतो आणि ‘पुन’ व ‘परीक्षण’ अशा दोन निर्देशिका शोधल्या जातात. नावे साठविताना व शोधताना ती एकाच प्रमाणरूपात आणल्यास पहिला दोष टळतो. दुसऱ्यासाठी नावांत अपूर्णविराम वर्ज्य करावा लागतो.

सारांश, शून्य दर्शकाचा अर्थ ‘दिलेल्या मार्गावर, दिलेल्या नावाने व अटींनुसार फाइल आढळली नाही’ इतकाच असतो. त्यावरून नोंदच अस्तित्वात नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या आज्ञावलीमुळे एखाद्या खातेदाराचा हक्कही नाकारला जाऊ शकतो.