क्लोरिन डायऑक्साइड : सिलिंडरमध्ये न भरता येणारा वायू

नळाच्या पाण्याला येणारा क्लोरिनचा वास शहरवासीयांच्या परिचयाचा आहे. हा क्लोरिन सिलिंडरमध्ये भरून जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत नेता येतो. त्याचाच भाऊबंद असलेला क्लोरिन डायऑक्साइड मात्र असा नेता येत नाही. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर गेले, की ठिणगीने, उन्हाने किंवा उष्णतेनेही स्फोट होऊ शकतो. त्यामुळे तो जिथे वापरायचा, तिथेच तयार करावा लागतो.

एक क्लोरिन आणि दोन ऑक्सिजन अणूंच्या या रेणूत ३३ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे एक जोडीदाराविना उरतो. शिवाय तयार होतानाच तो ऊर्जा पोटात साठवतो. विघटन होऊन क्लोरिन व ऑक्सिजन वेगळे झाले, की ती ऊर्जा मोकळी होते. ११ अंश सेल्सियसखाली त्याचा तांबूस द्रव होतो. हा द्रव तर अधिकच धोकादायक! पाण्यात विरघळलेला वायू मात्र थंड व अंधाऱ्या जागी काही काळ टिकतो.

हम्फ्री डेव्ही यांनी १८११ साली पोटॅशियम क्लोरेटवर आम्लाची क्रिया करून मिळविलेल्या पिवळसर वायूत क्लोरिनसोबत हाच वायू होता. आज जलशुद्धीकरणासाठी सोडियम क्लोराइटच्या द्रावणावर क्लोरिनची किंवा आम्लाची क्रिया करतात. कागद कारखान्यांत लगदा शुभ्र करण्यासाठी सोडियम क्लोरेटपासून तो बनवला जातो.

एवढी यातायात कशासाठी? क्लोरिनची पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात, हे १९७४ साली उघड झाले. क्लोरिन डायऑक्साइड मुख्यतः ऑक्सिडीकरण करतो. त्यामुळे अशी संयुगे फारशी तयार होत नाहीत. अमेरिकेतील नायगारा फॉल्स येथे १९४४ सालीच पाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला होता. २००१ साली वॉशिंग्टनमधील सिनेटच्या कार्यालयीन इमारतीतील अँथ्रॅक्सचे बीजाणूही याच वायूने नष्ट करण्यात आले.

पण पाणी शुद्ध करणारे रसायन पोटही शुद्ध करील, हा तर्क घातक आहे. अमेरिकी नियमांनुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.८ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. तरीही क्लोराइटचे द्रावण ‘चमत्कारी औषध’ म्हणून विकले गेले. घरी त्यात आम्ल मिसळून प्यायचे, अशी ती कृती. बोलिव्हियात २०२० साली आरोग्य मंत्रालयाचा विरोध असतानाही कोरोनावरील उपाय म्हणून हे रसायन घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० आणि २०१९ साली याविरुद्ध इशारे दिले होते. तीव्र उलट्या, जुलाब, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरणे आणि यकृत निकामी होणे, असे परिणाम या प्रशासनाने नोंदविले आहेत.