पोचा पडलेला पत्रा : दुरुस्ती की बदल?

बंगळूरच्या बाह्य वळण रस्त्यावर, सिल्क बोर्ड आणि कृष्णराजपुरम यांच्या दरम्यान बेळ्ळंदूर वसले आहे. तलावाकाठचे हे गाव दोन-अडीच दशकांत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संकुलांनी वेढले गेले आणि येथील रस्त्यांवरील मोटारींची गर्दी देशभर चर्चेचा विषय झाली. खोळंबलेल्या वाहतुकीत वाहनांना होणारी इजा बहुधा किरकोळ असते. मागच्या मोटारीचा धक्का लागतो, दुचाकीचे हँडल दरवाजाला घासते, तळघरातील वाहनतळाचा खांब मडगार्डला पोचा पाडतो. मोटार चालू राहते. मात्र गॅरेजमध्ये गेल्यावर वाहनधारकापुढे एक प्रश्न उभा राहतो : पत्रा सरळ करून घ्यावा की नवा बसवावा?

प्रश्न घरगुती वाटला तरी त्यात प्रवाशांची सुरक्षितता, कुटुंबाचा खर्च, धातूचा अपव्यय आणि हजारो कारागिरांची उपजीविका गुंतलेली आहे. अनेकदा निर्णय गॅरेजवाला किंवा विमा कंपनीचा सर्वेक्षक घेतो आणि वाहनधारक केवळ सही करतो. हा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बोल्टचा पत्रा आणि वेल्डिंगचा पत्रा

मोटारीचे सर्व पत्रे एकाच पद्धतीने बसवलेले नसतात. बॉनेट, पुढील मडगार्ड, दरवाजे आणि डिकीचे झाकण हे भाग बोल्ट व बिजागऱ्यांनी जोडलेले असतात. ते सांगाड्याला धक्का न लावता काढता येतात, त्यामुळे बदलणे तुलनेने सोपे असते. मागील चाकावरचा पत्रा, छप्पर, दरवाजाखालची पट्टी आणि खांब हे मात्र सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेले असतात. ते बदलायचे तर कारखान्यात केलेले जोड कापून नवे जोड द्यावे लागतात. त्या प्रक्रियेत मूळ गंजरोधक लेप जळतो आणि जोड सदोष राहिल्यास मोटारीची मजबुती घटते. म्हणून साधारण नियम असा की, बोल्टच्या पत्र्याबाबत खर्चाची तुलना करावी. वेल्डिंगचा पत्रा शक्य तोवर दुरुस्त करावा आणि बदलणे अटळ असेल तर ते काम योग्य उपकरणे असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे.

इजा किती मोठी, यापेक्षा कशी?

पोच्याच्या आकारावरून निर्णय घेणे फसवे ठरते. तळहाताएवढा उथळ, गोलसर पोचा पडला आणि रंग शाबूत असला तर कुशल कारागीर आतून दाब देऊन, रंग न लावताही तो काढू शकतो. उलट, बोटभर लांबीची तीक्ष्ण घडी पत्र्याच्या कडेवर पडली असेल तर ती अधिक अवघड असते, कारण तेथील धातू ताणलेला असतो. ताणलेल्या धातूचे क्षेत्रफळ वाढते आणि तो मूळ जागेत मावत नाही. असा पत्रा वरून सरळ दिसला तरी बोटाने दाबताच आत-बाहेर होतो. धातू फाटला असेल, कडा दुमडल्या असतील किंवा पोच्याची खोल बाजू आतून हाताला लागतच नसेल, तर बदलाकडे झुकावे.

दरवाजाची तपासणी विशेष काळजीने व्हायला हवी. बाहेरील पत्र्यामागे बाजूच्या धडकेचा आघात झेलणारी आडवी तुळई असते. आपल्या देशात बाजूच्या धडकेची चाचणी १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झाली. ही तुळई वाकली असल्यास ती ठोकून किंवा तापवून सरळ करू नये. अतिउच्च ताकदीचे पोलाद तापवल्यास त्याची ताकद नष्ट होते. अशा वेळी दरवाजा बदलणेच योग्य.

प्लॅस्टिकच्या बंपरची चीर वेल्डिंगने भरता येते. मात्र बंपरमागे रडार किंवा अन्य संवेदक असल्यास रंगाचा वा भरावाचा जाड थर त्यांच्या कामात अडथळा आणू शकतो. तेथे उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात.

पाणी आणि गंज

सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेळ्ळंदूर परिसर व बाह्य वळण रस्ता जलमय झाला आणि अनेक मोटारी पाण्यात बुडाल्या. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ रोजी हाच अनुभव घेतला होता. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. पुराच्या गाळाने ती बुजली की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून गंजू लागतो. कोकण किनाऱ्यावरील खारी हवा ही प्रक्रिया आणखी वेगवान करते. वरवरचा गंज घासून, प्रायमर लावून थांबवता येतो. आतून आरपार गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरणे म्हणजे दोष झाकणे होय. लांबीचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील पुट्टीचा, थर साधारणपणे ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. पोलादी पत्र्यावर छोटे चुंबक फिरवून पाहिल्यास, जेथे ते नीट चिकटत नाही तेथे भराव जाड असल्याचा संशय घेता येतो.

विम्याचे गणित

‘विमा आहे, मग नवाच पत्रा बसवू’ हा विचार सर्रास आढळतो. प्रचलित सर्वसाधारण पॉलिसीनुसार मजुरीवर घसारा लागत नाही. नव्या धातूच्या भागावर मात्र वाहनाच्या वयानुसार घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षे वयाच्या मोटारीसाठी तो ४० टक्के असतो. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्यावर ५० टक्के घसारा आकारतात. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीच्या प्रत्येक दाव्यातून १,००० रुपये वाहनधारकाने सोसायचे असतात.

एक गृहीत उदाहरण घेऊ. मोटार सात वर्षांची आहे. कर बाजूला ठेवले, तर दरवाजाच्या दुरुस्तीची मजुरी ५,००० आणि रंगकाम ८,००० असे १३,००० रुपये होतात. नव्या दरवाजासाठी सुटा भाग १५,०००, बसवणे २,००० आणि रंगकाम १०,००० असे २७,००० रुपये लागतात. दरवाजा बदलून दावा केल्यास वाहनधारकाचा वाटा घसाऱ्याचे ६,०००, रंगाचे १,२५० व अनिवार्य १,००० मिळून ८,२५० रुपये होतो. एवढ्यावर हिशेब संपत नाही. पाच वर्षे दावा न केल्याने मिळालेली ५० टक्के सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, या दाव्याने शून्यावर येते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ टक्के अशा पायऱ्यांनी चढते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा हप्ता सवलतीपूर्वी वर्षाला १०,००० रुपये कायम धरला, तर पुढील पाच वर्षांत गमावलेली सवलत १२,५०० रुपये होते. म्हणजे ‘विम्यातून’ बदललेला दरवाजा २०,७५० रुपयांना पडतो. दुरुस्ती करून दावाच न करणे १३,००० रुपयांत भागते. शून्य घसाऱ्याची किंवा बोनस सुरक्षित ठेवणारी जोड पॉलिसी असेल तर आकडे बदलतील. हिशेबाची रीत तीच राहील.

निवडीचा हक्क

हिशेब मांडता यावा यासाठी वाहनधारकापुढे पर्याय खुले असले पाहिजेत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या बाजारपेठेवरील निर्बंधांबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांनाही उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. परंतु दुरुस्तीचा प्रश्न ग्राहकहिताच्या चौकटीत आला. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. त्यात मोटार वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

दुसरी बाजू कौशल्याची आहे. नवा पत्रा बोल्टने बसवणारा हात थोड्या सरावाने तयार होतो. ताणलेला धातू वाचून तो जागेवर आणणारा हात घडायला वर्षे लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ऑटो बॉडी दुरुस्ती व रंगकाम यांचे स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रम आहेत. त्यांत नव्या प्रकारच्या पोलादाचे व ॲल्युमिनियमचे शिक्षण जितके नेटके होईल, तितकी दुरुस्ती विश्वासार्ह ठरेल. पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते हे खरे. पण त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. वाचवता येण्याजोगा पत्रा भंगारात गेला तर ती ऊर्जा आणि कारागिराचे काम दोन्ही वाया जातात.

सारांश, गॅरेजमध्ये सही करण्यापूर्वी वाहनधारकाने चार गोष्टी विचाराव्यात : पत्रा बोल्टचा आहे की वेल्डिंगचा? आतील तुळई, सांगाडा किंवा संवेदकांना इजा झाली आहे का? दुरुस्ती आणि बदल यांची दोन स्वतंत्र अंदाजपत्रके मिळतील का? दावा केल्यास किती बोनस जाईल? सुरक्षिततेशी निगडित भाग असेल तर काटकसर करू नये. केवळ रूपाचा प्रश्न असेल तर चांगल्या कारागिराला प्रथम संधी द्यावी. बेळ्ळंदूरच्या वाहनतळातील पोचा असो वा पुण्याच्या चौकातील, खर्चाचा भार ज्याच्यावर पडणार आहे, त्या वाहनधारकाने हा निर्णय स्वतः समजून घ्यावा, यातच त्याचे आणि समाजाचे हित आहे.